मेश्राम मॅडमचा थेंबांचा वर्ग

आमच्या क्लिनिकमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टर देत नसत, मेश्राम मॅडम देत. आणि तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय देत नसत. आपल्या डोळ्यात नेमकं काय बिघडलंय आणि डॉक्टर त्याचं काय करणार आहेत, हे पेशंटनं स्वतःच्या तोंडानं, मराठीत सांगायचं. सांगता आलं की तारीख. नाही आलं तर पुन्हा बाकावर.

शनिवार पेठेत, एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हे क्लिनिक होतं. ऑप्टोमेट्रीचा कोर्स संपवून मी तिथे पहिल्या नोकरीला लागले तेव्हा मॅडमना तीस वर्षं झाली होती. त्यांच्या पदाला नाव नव्हतं. नंबर काढणं, थेंब घालणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, पेशंटला रागावणं आणि डॉक्टरांना जेवणाची आठवण करणं, हे सगळं त्या करत. बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी, वर पांढरा कोट, कोटाच्या खिशात टॉर्च. मूळच्या भंडाऱ्याच्या, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. फोन उचलताना 'हॅलो'ऐवजी 'जय भीम' म्हणत आणि ठेवताना काहीच म्हणत नसत. पेशंटशी त्यांची मराठी अगदी छापील असे, आणि तीस वर्षांत पेठेचा कोरडेपणाही तिच्यात चांगलाच मुरला होता. राग आला किंवा जीव कळवळला की मात्र थेट भंडारा. मी पहिल्या दिवसापासून 'पोट्टी' होते. मला तो अपमान वाटला. तिकडे मुलीला पोट्टीच म्हणतात, हे मला महिन्याभरानं कळलं. तोपर्यंत मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. तसंही मी कुणाशीच फार बोलत नाही, त्यामुळे त्यांना फरक जाणवला नसावा.

पहिल्याच दिवशी कसब्यातले एक आजोबा माझ्यासमोर बसले. तपासून झाल्यावर म्हणाले, "काय आहे?"

मी माझ्या परीनं मराठीत सांगितलं, "आजोबा, तुमचा कॉर्निया क्लिअर आहे, पण लेन्समध्ये ओपॅसिटी आहे. रेटिना डायलेट करून बघू."

आजोबांनी विचारलं, "म्हणजे मी घरी जाऊ की थांबू?"

माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीत. डोळ्याचा एकेक थर मला झोपेत विचारला तरी सांगता आला असता, पण घरातली आमची मराठी भाजी, पाहुणे आणि परीक्षांचे निकाल यांच्यापुरती. डोळ्याच्या आत मी मराठीतून कधी गेलेच नव्हते.

मागून आवाज आला. "आजोबा, बुबुळावरची काच स्वच्छ आहे. आतलं भिंग दुधाळ झालंय, त्याला मोतीबिंदू म्हणतात. सगळ्यात मागे पडदा असतो, तो बघायचाय. थेंब घालते, पाऊण तास थांबा."

"हां, असं बोला की," म्हणत आजोबा उठले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्यांचा डोळा त्यांनाच कळू नये, म्हणून चार वर्षं शिकलीस का?"

त्या दिवशी दुपारी मला त्यांच्या वर्गात बसवण्यात आलं. पेशंटबरोबर, बाकावर.

वर्ग म्हणजे थेंबांचा पाऊण तास. थेंब घातले की बाहुली मोठी व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि तोवर जवळचं सगळं धूसर होतं. मोबाईल वाचता येत नाही, पेपर वाचता येत नाही, उठून जिना उतरायचं धाडस होत नाही. मॅडमच्या मते इतका चांगला विद्यार्थी कुठल्याही शाळेला मिळणार नाही. शिकवायला त्यांना चित्र किंवा मॉडेल लागत नसे. डॉक्टरांच्या टेबलावर एक प्लॅस्टिकचा डोळा होता, पण त्याचं भिंग कुणा लहान मुलानं पळवलं होतं. मॅडमनी सबंध क्लिनिकचाच डोळा केला होता.

"हे आपलं काचेचं दार. हे पारपटल, बुबुळावरची काच. ही खराब झाली तर आत कितीही चांगलं असून उपयोग नाही. त्याच्या आतलं हे सरकतं जाळीचं दार, ते बुबुळ. ऊन असलं की आपण ते थोडंच उघडं ठेवतो, संध्याकाळी पूर्ण उघडतो. मधली जी फट, ती बाहुली. नीट ऐका. बाहुली ही वस्तू नाही. भोक आहे. जन्मभर आरशात ज्याला काळं टिकलीसारखं काहीतरी समजलात, ते नुसतं भोक आहे."

यावर एकदा एक बाई बऱ्यापैकी दुखावल्या होत्या.

"तुम्ही बसलाय ती बाकं म्हणजे भिंग. ती मागची भिंत म्हणजे पडदा, दृष्टिपटल. त्यावर चित्र उमटतं. आणि भिंतीवरून डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाणारी ती वायर म्हणजे नस. बघणारे आत बसलेत. डोळा नुसता निरोप पोचवतो."

एका आजींनी विचारलं, "म्हणजे मी भिंगात बसलेय?"

"हो."

"अहो, पण माझं भिंगच तर खराब झालंय."

"म्हणून तर तिथे बसवलंय. जरा सरका, ह्यांनापण मोतीबिंदूच आहे."

वर्गानंतर परीक्षा. एक निवृत्त अधिकारी होते, सफारी घालून आलेले. मॅडमनी "तुम्हाला काय झालंय?" असं विचारताच ते म्हणाले, "मी काय शाळेत आलोय?"

"शाळेत नाही. शाळेत नापास झालात तर पुढच्या वर्षी बसता येतं. बोला."

"काचबिंदू."

"काचबिंदूत आतलं प्रेशर वाढतं, नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत भिंग बदललं की येते. तुम्हाला कुठला पाहिजे?"

सफारीतले गृहस्थ थोडा विचार करून म्हणाले, "मोतीबिंदू."

"तोच आहे. गुरुवारी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी."

चाळिशी लागल्याचं कुणी कबूल करत नसे, आणि मॅडम कुणाला सोडत नसत. लक्ष्मी रोडवरून परस्पर आलेल्या एक बाई पिशव्या मांडीवर घेऊन म्हणाल्या, "माझे डोळे उत्तम आहेत हो. हल्ली अक्षरंच बारीक छापतात."

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "आणि सुयांची भोकंपण लहान करून ठेवलीत कंपन्यांनी."

लबाडी त्यांना लगेच कळे. एक डोळा झाकून वाचायला सांगितलं की निम्मी माणसं बोटांच्या फटीतून दुसऱ्या डोळ्यानं बघतात. हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पोरांच्या आया शेजारून अक्षरं पुटपुटतात. अशा आयांची खुर्ची मॅडम भिंतीकडे तोंड करून ठेवत. लायसन्सच्या सर्टिफिकेटसाठी आलेला एक ड्रायव्हर बाकावर बसून आधीच्या पेशंटचं वाचन कान देऊन ऐकत होता. त्याचा नंबर आला तशी त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात सगळं म्हणून टाकलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाठांतर छान आहे. आता उजवीकडून डावीकडे." त्या ड्रायव्हरला मायनस तीन नंबर निघाला. तेव्हापासून तो दर दिवाळीला त्यांना चिवडा आणून देई.

ज्या बोर्डासमोर हे सगळं चालायचं, तो लाकडी पेटीचा होता. दुधी काच, मागे ट्यूब, वर मराठी अक्षरांच्या लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. मी लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी तो काढून स्क्रीन बसवला. बटण दाबलं की अक्षरं बदलतात, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच मिटला. मला वाटलं मॅडम खूश होतील. त्या म्हणाल्या, "पेशंट काय, तोही बदलतो. एक तरी गोष्ट जागेवर राहू द्यायची."

स्क्रीन बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, क्लिनिक उघडायच्या आधी, डॉक्टरांनी आम्हाला एकमेकींचे डोळे तपासून मशीनवर हात बसवायला सांगितला. आधी मी बसले. मग मॅडम बसल्या. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्यानं त्यांनी शेवटची ओळ खाडखाड वाचली. मी अक्षरं बदलली आणि उजवा डोळा झाकायला सांगितलं.

मॅडमनी डाव्या डोळ्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच, वर्गात शिकवतानाचा. "म, र, ड, त, घ."

स्क्रीनवर प होता, ख होता, ल होता. बाकीचे दोन मला आता आठवत नाहीत, पण म, र, ड, त, घ नक्की नव्हतं. ती काढून टाकलेल्या पेटीवरची शेवटची ओळ होती.

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला लगेच कळलं. तीस वर्षं रोज पन्नास माणसांच्या तोंडून ऐकलेली ओळ. त्या खुर्चीत बसून एक डोळा झाकला की ती आपोआप बाहेर पडत असावी. दरवर्षी डॉक्टर सगळ्यांचे डोळे तपासत. दरवर्षी त्यांनी ती अशीच वाचली असणार, आणि दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं सांभाळून घेत असणार.

"हं? पुढे काय?" त्या म्हणाल्या.

मी कार्डावर दोन्ही डोळ्यांपुढे सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर एकदम ठीक, असं लिहिलं. मेश्राम मॅडमना 'चुकलं' म्हणणारं माणूस मी त्या क्लिनिकमध्ये पाहिलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा 'असं केलं तर?' असं विचारत. सुरुवात माझ्यापासून व्हावी, हे मला शक्य वाटलं नाही.

दोन दिवस मी त्या कार्डाकडे बघत होते. एका डोळ्याची मधली नजर कमी होण्याची बरीच कारणं असतात. काहींत घाई नसते. काहींत एकेक आठवडा मोजावा लागतो, आणि हे मला पुस्तकाच्या पानासकट माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम चष्म्याच्या काचांची पेटी पुसत होत्या. मी दारातूनच म्हणाले, "मॅडम, परवा तुम्ही जुना बोर्ड वाचलात."

"काय?"

"डाव्या डोळ्यानं. स्क्रीनवर दुसरी अक्षरं होती."

त्यांनी हातातली काच पेटीत तिच्या खाचेत ठेवली. मग येऊन खुर्चीत बसल्या आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "लाव."

मी लावलं. त्या खुर्चीत पुढे वाकल्या.

"चालू आहे का?"

"चालू आहे, मॅडम."

"कडा दिसून राहिल्या," त्या म्हणाल्या. "मधोमध कोणी अंगठा ठेवल्यावानी झालंय."

मी चौकटींचा कागद आणला. मध्ये एक ठिपका, भोवती उभ्या-आडव्या सरळ रेघा. पडद्याच्या मध्यभागी बिघाड असला की त्या रेघा वाकड्या दिसतात.

"आधी जवळचा चष्मा घालायला सांग," पेशंट म्हणाला. म्हणजे मॅडम म्हणाल्या. "आणि इतका लांब नाही धरायचा, एक फूट. आणि 'रेघा वाकड्या दिसतात का' असं नाही विचारायचं, त्यानं पेशंट हो म्हणतो. 'कशा दिसतात' विचार."

"कशा दिसतात?"

"वाकड्या."

मग त्यांनी कागद खाली ठेवला. "आता सांग मला काय झालंय. मी पेशंट आहे, काही शिकलेली नाही. मराठीत सांग."

मी त्या काचेच्या दारापासून सुरुवात केली. पुढची काच स्वच्छ आहे, म्हणाले. भिंगही ठीक वाटतंय. मागच्या पडद्याच्या मधोमध एक जागा असते, पीतबिंदू. वाचायला, सुई ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला आपण तीच वापरतो. तिथे पडद्याखाली पाणी साचलं की रेघा वाकतात. डोळा पूर्ण आंधळा होत नाही, कडेचं दिसत राहतं. पण मधलं गेलं तर परत येणं अवघड. लवकर इंजेक्शन सुरू केलं तर बहुतेकदा आहे तेवढं टिकतं, कधी थोडं सुधारतंही. एवढं सलग मराठी मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.

"'वाटतंय' म्हणायचं नाही, आणि निदान आपण करत नाही," मॅडम म्हणाल्या. "'डॉक्टर बघून सांगतील' हे राहिलं तुझं."

"डॉक्टर बघून सांगतील."

"परवा कळलं होतं तुला?"

"हो."

"मग दोन दिवस काहून गप होतीस?"

मी खाली बघत म्हणाले, "तुम्हाला सांगायला भीती वाटली."

"पेशंटला भ्यायचं नसतं, पोट्टे. तो आधीच भ्यालेला असतो." मग माझ्यापुढे हात केला. "माझं कार्ड आण. ते सिक्स बाय सिक्स खोडू नको. एक रेघ मार, शेजारी खरं लिही, खाली सही कर."

डॉक्टरांनी पाहिलं आणि त्याच दुपारी पडद्याच्या सर्जनांकडे चिठ्ठी दिली. डोळ्यात इंजेक्शन, महिन्याला एक, निदान तीन. उद्याच जा, म्हणाले.

मेश्राम मॅडम उद्या गेल्या नाहीत. त्यांना सर्दी झाली. परवा त्यांच्या सोसायटीत पाणी येणार नव्हतं. तेरवा डॉक्टरांकडे गर्दी होती, पेशंटला टाकून जायचं कसं? चौथ्या दिवशी मी, कधी नव्हे ते, रिक्षा बोलावून खाली उभी केली आणि त्यांची पर्स हातात घेऊन दारात उभी राहिले. रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. लकडी पुलावर म्हणाल्या, "ऑपरेशनच्या इंजेक्शनला मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणून तीस वर्षं लोकांना सांगून राहिले मी. एकानंही विचारलं नाही, मॅडम, तुम्हाला चावलीय का कधी?"

त्या आत गेल्या आणि वीस मिनिटांनी डाव्या डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आल्या. मी उठून उभी राहिले.

"मुंगी नाही," त्या म्हणाल्या. "मुंगळा."

पुढच्या आठवड्यापासून वर्गातला तो भाग बदलला. "मुंगी चावते असं पुस्तकात आहे," त्या बाकावरच्या लोकांना सांगत. "मुंगळा असतो. पण एकच, आणि लगेच मरतो." ऑपरेशनच्या दोन तारखा रद्द झाल्या. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, मॅडमना 'असं केलं तर?' म्हणायचं का? मी म्हटलं, नको.

तीन इंजेक्शनं झाली. पाणी ओसरलं, रेघा जवळजवळ सरळ झाल्या. मधला अंगठा अगदी गेला नाही, पण करंगळीएवढा राहिला. मॅडमनी त्या वर्षी नोकरी सोडली. "नंबर काढणाऱ्याला दोन डोळे पाहिजेत," एवढंच म्हणाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या, आणि तो करायचं धाडस कुणी केलं नाही. सर्जनांनी त्यांना बजावलं होतं, रोज सकाळी उजवा डोळा झाकून एखादी सरळ रेघ बघायची. ती वाकडी दिसली तर पाणी पुन्हा आलंय, एक दिवसही न थांबता यायचं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "केतकी?" मला त्यांनी नावानं कधीच हाक मारली नव्हती, त्यामुळे मी उठूनच बसले. "खांब वाकला."

त्या मांजरीला एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहत. चौकटींचा कागद त्यांनी कपाटात ठेवून दिला होता आणि गॅलरीतून दिसणारा, गेटजवळचा दिव्याचा खांब रेघ म्हणून नेमला होता. तीन दिवस तो डावीकडे झुकलेला दिसत होता. "एक दिवसही थांबायचं नव्हतं, आणि तीन झाले," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "मी कोणाला सांगितलं नाही. आता गेली का गं नजर?"

बसनं मला तासभर लागला. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. मॅडम गॅलरीत उभ्या होत्या, उजव्या डोळ्यावर तळहात, जणू तीन दिवस तिथेच उभ्या असाव्यात. मी शेजारी जाऊन खाली बघितलं. उसानं भरलेली एखादी ट्रॉली वळताना घासली असणार. खांब बुंध्यापाशी चांगलाच कलंडला होता, आणि वॉचमननं त्याला दोरी बांधून ती कुंपणाला अडकवली होती.

"मॅडम," मी म्हणाले, "दुसऱ्या डोळ्यानं बघितलंत का?"

एका डोळ्यानं काही वेगळं दिसलं की आधी दुसऱ्यानं बघायचं, हे त्या पेशंटच्या पोरांनासुद्धा शिकवत. तीन दिवस त्यांनी ते केलं नव्हतं. उजव्या डोळ्याला खांब सरळ दिसला असता, तर दोष डाव्या डोळ्याचाच हे पक्कं झालं असतं, आणि ते पक्कं व्हायला त्यांना नको होतं.

"उजव्यानं बघा," मी म्हणाले.

त्यांनी हात हळूच काढला आणि डाव्या डोळ्यावर ठेवला. बघत राहिल्या. मागून त्यांचे मिस्टर म्हणाले, "तो गुरुवारीच वाकला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुम्ही चहा ठेवा," मॅडम म्हणाल्या.

चहा पिताना त्या नेहमीसारख्या बोलल्या. त्यांच्या जागी आलेली नवी मुलगी थेंब घालताना पेशंटला वर बघायला सांगते की नाही, स्क्रीन बिघडला का, मी अजून 'वाटतंय' म्हणते का. खांबाचा विषय कुणी काढला नाही. मी निघाले, लिफ्टनं खाली आले आणि गेटपाशी येऊन बसचा अंदाज घ्यायला थांबले.

"ए पोट्टे! सरक तिथून!"

मी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर मॅडम कठड्यावरून वाकल्या होत्या. मी खांबासमोर उभी होते. बाजूला झाले. त्यांनी उजवा डोळा झाकला, बघितलं. डावा झाकला, बघितलं. पुन्हा उजवा. वॉचमन खुर्चीवरून उठून वर बघायला लागला, दूधवाला थांबला, दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई कपडे वाळत घालता घालता बाहेर डोकावल्या.

"सारखाच वाकडा!" मॅडम सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "दोन्हींत सारखाच वाकडा, पोट्टे! सारखाच!"